आमच्या पेठेचे केंद्र

भाद्रपदात संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या की आधी त्यांचा वास घरात येई. ओल्या कातडीचा, भिजलेल्या कडब्याचा, शेणाचा, आणि या सगळ्यांना हलकेच बाजूला सारून वर येणारा ताज्या धारेच्या कोमट दुधाचा. कोल्हापुरात दूध डोळ्यांदेखत काढून घ्यायची रीत. घरपोच आलेल्या दुधावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या पेठेत भोळसट गणला जाई, म्हणून चांगली शिकलीसवरलेली माणसेही हातात चरवी घेऊन, चिखलात चपला सांभाळत, म्हशीच्या पाठीवरून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत उभी असत. आभाळ खाली उतरलेले, पावसाची भुरभुर नुकती थांबलेली, रंकाळ्याकडून येणाऱ्या वाऱ्याला शेवाळाचा गारवा आणि मावळतीचा पिवळा उजेड ओल्या फरश्यांवर पसरलेला. तो वास आजही कुठे आला तर माझी मान आपोआप खाली जाते. दुधाच्या वासाने लाज वाटणारी मी जगात एकटीच असेन.

पन्नास साल उलटून थोडीच वर्षे झाली होती. मुंबईला रेडिओचे केंद्र होते, पुण्यालाही नुकतेच झाले होते, आणि कोल्हापूरला नव्हते, ही गोष्ट आमच्या तालमीच्या मनाला फार लागली होती. तालीम म्हणजे नावाला कुस्तीचा आखाडा. प्रत्यक्षात भांडण मिटवण्यापासून तिरडी बांधण्यापर्यंत पेठेची सगळी कामे तिच्याच खांद्यावर. तिथले वस्ताद म्हणजे कानाच्या पाळ्या चुरगळलेले, हाक मारली तर गल्ली दणाणून सोडणारे, पण बायकामाणसांशी बोलताना जमिनीकडे बघणारे गृहस्थ. ते एका बैठकीत उठून म्हणाले, "पुन्याला हाय आन् आपल्याला न्हाय? आपुन काय कमी हाय व्हय?" झाले. गणपतीच्या दिवसांत पेठेने आठवडाभर स्वतःचे केंद्र चालवावे असे ठरले. जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याकडून ध्वनिवर्धकाचे मशीन, माईक, तबकड्या वाजवायचे यंत्र आणि मोठाले कर्णे भाड्याने आले. काही कर्णे तालमीच्या कौलांवर चढले, काही कट्ट्याजवळच्या लिंबावर, आणि पहिल्याच सकाळी लिंबावरच्या कावळ्यांनी घर बदलले.

रोजचे कार्यक्रम तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिले जात. पहाटे सनईची तबकडी, मग एका भजनी बुवांची भूपाळी, जी पेठ त्यांच्या खोकल्यासकट भक्तिभावाने ऐके. न्याहारीच्या सुमारास वर्तमानपत्रातल्या बातम्या. त्या आदल्या दिवशीच्या असत, पण कर्ण्यातून आल्या म्हणजे पुन्हा घडल्यासारख्या वाटत. दुपारी महिलांसाठी पाककृती, आणि त्या वाचायला एक पुरुष, कारण माईकवर बोलायला कुठलीच बाई तयार नव्हती. तो गृहस्थ 'मीठ चवीपुरते' हे शब्द असे काही उच्चारी की ऐकणाऱ्याला वैराग्य यावे. फळ्यावर न लिहिलेला कार्यक्रम मात्र सगळ्यांत गाजला. एकाचे रेडकू हरवल्याची वर्दी मंगळवारी कर्ण्यावरून दिली गेली आणि ते सापडेपर्यंत पेठेत कुणाचे जेवणात लक्ष लागले नाही. सापडल्यावर वस्तादांनी स्वतः माईक हाती घेऊन रेडकाचे आभार मानले. संध्याकाळी, कट्टा गजबजलेला असताना, आप्पांचे व्याख्यान असे.

आप्पा म्हणजे माझे वडील. पेठेतल्या शाळेचे मुख्याध्यापक, पांढरे स्वच्छ धोतर, काळी टोपी, आणि वाक्याच्या शेवटपर्यंत न ढळणारा आवाज. तालमीचे छप्पर गळत असल्यामुळे मशीन आमच्या पुढच्या खोलीत ठेवले होते. तिथे वीज होती, कोरडी जमीन होती, आणि मास्तरांचे घर म्हणून विश्वासही होता. पहिल्या दिवशी तालमीतली दोन पोरे तबकड्या लावायला बसली. पण मुसळाएवढ्या मनगटांना त्या यंत्राची सुई पेलेना, दुपारपर्यंत त्यांनी तिची पार वाट लावली. वस्ताद दारात उभे राहून, जमिनीकडे बघत माझ्या थोरल्या बहिणीला म्हणाले, "ताई, हे आमच्याच्यानं व्हनार न्हाय. तुमीच बघा की." तेव्हापासून अक्का त्या मशीनपाशी बसू लागली. मशीन तापायला लागणारा वेळ, तबकडी बदलताना आवाज कमी करायची खुबी, आणि बोलणाऱ्याचे बोलणे संपले की माईकचा खटका खाली ओढायचा, हे सगळे तिला पहिल्या दिवसातच साधले. सासरहून आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा कुतूहल पाहिले ते त्या लुकलुकणाऱ्या काचेच्या नळ्यांकडे बघताना.

कारण अक्का माहेरी येऊन कित्येक महिने झाले होते. मुरगूडला तिचे सासर. घर सधन, नवरा दुकान सांभाळणारा, आणि हात उचलायला त्याला कारण लागत नसे. ती एका दुपारी एकटीच एस.टी.ने आली ती गेलीच नाही. पेठेत आम्ही सांगितले की तिची तब्येत बरी नसते, डॉक्टरांनी हवापालट सांगितला आहे. कोल्हापूर आणि मुरगूड यांच्या हवेत असा काय फरक आहे, हे कुणी विचारले नाही. घरात त्या विषयावर आम्ही बोलत नव्हतो. आई तिच्या पाठीला तेल लावायची, आप्पा त्या वेळी अंगणात जायचे, आणि मी, सतरा वर्षांची, जास्वंदीच्या कळ्या मोजण्यात गुंग असल्याचा आव आणायचे.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी मुरगूडहून निरोप्या आला. शनिवारी न्यायला माणसे येतील, मुलीला तयार ठेवा, नाहीतर पुढे आमच्याकडून बोलावणे होणार नाही, असा निरोप. तो अक्कानेही ऐकला, कारण निरोप्याला पाणी तिनेच दिले होते. आईने डोळ्यांनी विचारले तेव्हा आप्पा एवढेच म्हणाले, "संध्याकाळी बघू." संध्याकाळी बघू म्हणजे व्याख्यान झाल्यावर. म्हशींचे रेकणे माईकमध्ये जाऊ नये म्हणून पुढच्या खोलीची दारे-खिडक्या लावलेली असत, आई चहा घेऊन तिथे जाई, आणि आम्हा दोघींना ऐकू जाऊ नये असे जे काही बोलायचे ते दोघे तिथेच बोलत.

त्या दिवशीच्या व्याख्यानाचा विषय होता धैर्य. मी चरवी घेऊन कट्ट्यावर उभी होते. शेवंताबाईंची म्हैस धारेला लागली होती. शेवंताबाई म्हणजे आमच्या रतिबाच्या, उंचनिंच, कासोटा घातलेल्या, आणि जे मनात तेच तोंडात असलेल्या. वर लिंबातून आप्पांचा आवाज येत होता, नेहमीसारखा भरदार. "धैर्य रणांगणावरच लागते असे नाही. सामान्य गृहस्थाश्रमी माणसालाही रोज ते लागते." लोक माना डोलावत होते. मला अभिमानाने किंचित ताठ उभे राहावेसे वाटत होते. व्याख्यान संपले, "नमस्कार" झाला, आणि नेहमी येणारा खटक्याचा टक् आवाज मात्र आला नाही. त्याऐवजी कपबशीचा किणकिणाट आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग आईचा आवाज, लिंबावरून, सगळ्या कट्ट्यावर.

"काय ठरवलंत?"

कर्णे आमच्या पुढच्या खोलीकडे पाठ करून होते. बंद खोलीत त्यांचा नुसता गुणगुणता नाद पोचे, आणि त्या दोघांना तेव्हा स्वतःच्या बोलण्यापलीकडे काही ऐकू येत नव्हते. बाहेर मात्र आप्पांचा एक निःश्वाससुद्धा स्पष्ट आला. "ठरवायचंय काय? शनिवारी धाडून देऊ." आई म्हणाली, "तिच्या पाठीवरचे वळ पाहिलेत तुम्ही?" "पाहिले. पाहून काय करू? संसारात होतं थोडंफार. मी शाळेचा मुख्याध्यापक. नांदती मुलगी घरात आणून बसवली, तर लोक काय म्हणतील मला? आणि धाकटीचं कसं जमायचं? तिला कोण विचारील?"

धाकटी चरवी धरून उभी होती. कट्ट्यावरची सगळी माणसे माझ्याकडे बघत होती, किंवा बघायचे टाळत होती. त्यांतले कुठले अधिक वाईट ते मला आजही सांगता येणार नाही. पान खाणाऱ्यांचे जबडे थांबले. शेवंताबाईंच्या हातातली धार थांबली आणि म्हशीने मागे वळून पाहिले. माझे लग्न, अक्काची पाठ, आप्पांचे भय, जे आम्ही तेल लावतानाही एकमेकींना बोललो नव्हतो ते सगळे वरून पडत होते, आणि आप्पांचा आवाज तोच होता, व्याख्यानाचाच, वाक्याच्या शेवटपर्यंत न ढळणारा. मला वाटले धरणीने पोटात घ्यावे. मग शेवंताबाई उठल्या, दुधाचे हात तसेच ठेवून आमच्या दारापर्यंत धावल्या आणि मुठीने दार बडवत ओरडल्या, "मास्तर, अवो खटका बंद करा की! समदं भाईर ऐकू यायलंय!"

टक्. एवढी शांतता मी आमच्या पेठेत त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. शेवंताबाईंनी परत येऊन माझी चरवी भरली आणि, ज्या बाईला शब्द आवरायची सवय नव्हती ती, काही न बोलता माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी आले तेव्हा आप्पा पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. आई चुलीपाशी होती. अक्का स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत उभी होती, जिथून लिंब दिसतो आणि कर्णा सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. त्या दिवशी पेठेच्या केंद्रावरून रात्रीचे भजन झाले नाही. कुणी मागितलेही नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर धुणे धुताना मी तिला विचारले, "खटका ओढायला विसरलीस का गं?" ती आप्पांचे धोतर पिळत होती. म्हणाली, "विसरले नाही. दार लावून बोलतात गं माझ्याविषयी. मला ऐकायचं होतं. खिडकीत उभं राहिलं की कर्णा ऐकू येतो, एवढंच डोक्यात होतं. कट्टा माझ्या ध्यानातच आला नाही." आपल्याच घरात आपले काय ठरले हे कळण्यासाठी त्या मुलीला झाडावरच्या कर्ण्याला कान लावावा लागला होता. कट्टा खरेच तिच्या ध्यानात आला नव्हता का, हे मी पुन्हा विचारले नाही. विचारायचा मला अधिकार आहे असे वाटले नाही.

त्याच शुक्रवारी वस्ताद आले. जमिनीकडे बघत म्हणाले, "मास्तर, शनवारी पावणं येनार हाईत न्हवं? येऊ द्यात. आमी हाय न्हवं हितं." आणि गेले. शनिवारी सकाळपासून तालमीतली पोरे आमच्या ओट्यावर, समोरच्या पायरीवर, लिंबाच्या पारावर येऊन बसली. कुणी शेंगा सोलत होते, कुणी नुसतेच पोटऱ्या चोळत होते. मुरगूडची दोन माणसे आली तेव्हा वस्तादांनी उठून हात जोडले. "या पावणं, बसा की. च्या घेतल्याबिगर सोडनार न्हाय." पाहुण्यांनी त्या मांड्यांकडे पाहिले, त्या मानांकडे पाहिले, चहा घेतला, पाऊसपाण्याविषयी बोलले, आणि निघाले. आप्पा उंबऱ्याच्या आत उभे होते. ते एवढेच बोलले की मुलीची तब्येत अजून म्हणावी तशी नाही. नाही पाठवत, असे ते म्हणाले नाहीत. लोक काय म्हणतील या भयाने जे पाठवायला निघाले होते, त्यांना लोकांनी ऐकले म्हणून पाठवता आले नाही. अक्का राहिली, पण तिला कुणी राहा म्हटले नव्हते.

पुढे जे झाले त्याने मला त्या संध्याकाळपेक्षाही अधिक ओशाळायला लावले. पेठेला आपल्या माणसाची नाचक्की फार काळ बाळगायला आवडत नाही. वर्षभरात ती गोष्ट सांगता सांगता गुळगुळीत झाली, कर्णा त्यातून गळाला, तालमीची पोरे गळाली, आणि उरले ते इतके की मास्तरांनी लेकीला परत धाडली नाही. मोठ्या मनाचा माणूस. आधी कुणी असे म्हणाले की आप्पा कावरेबावरे होऊन विषय बदलत. मग नुसते गप्प बसू लागले. मग, नकळत, हसू लागले. अक्काला त्यांनीच मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळवून दिली, तिच्या पगाराला कधी हात लावला नाही, तिच्या विरुद्ध ब्र काढणाऱ्या नातलगाला घराबाहेर काढले. लोकांनी त्यांना ज्या मापाचा अंगरखा शिवला होता तो त्यांच्या अंगाला हळूहळू बसत गेला. माझे लग्नही रीतसर झाले; सासरी अक्काविषयी विचारले तेव्हा आप्पांचे नाव ऐकून त्यांनी मान आदराने हलवली, आणि मी साखरपुड्याच्या पाटावर त्या आदराखाली अंग चोरून बसले.

काही वर्षांनी मार्गशीर्षात मी माहेरी आले होते. दुपारच्या कोवळ्या उन्हात ओट्यावर आप्पा बसलेले, गुडघ्यांवर शाल. हुपरीहून एक अनोळखी गृहस्थ आला. पैंजण घडवणारा, बोटांच्या चिरांत चांदीची काळी राख मुरलेली. आप्पांचे नाव ऐकून आला होता. त्याची मुलगीही तशीच माहेरी आली होती, आणि भावकी तिला परत धाडायचा तगादा लावत होती. मांडीवर टोपी ठेवून तो म्हणाला, "मास्तर, तुमी तवा लेकीला काय म्हनलासा? मला शब्दच सुचंनात बगा तिच्याम्होरं."

आप्पांनी दूर पाहिले. मग त्या भरदार आवाजात म्हणाले, "त्याच संध्याकाळी मी तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, हे घर तुझं आहे. कुणी न्यायला आलं, तर मी दारात उभा आहे."

मी आत भाजी निवडत होते. आणि अक्का चहाचे कप घेऊन नेमकी तेव्हाच उंबऱ्यात आली होती. त्या माणसाने तिच्याकडे वर पाहून अगदी साधेपणाने विचारले, "व्हय का वो ताई? आसंच म्हनले व्हते?" आप्पांनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झालेले मला आतूनही दिसले. ते खोटे बोलत होते की बोलता बोलता त्यांना ते खरेच आठवत होते, हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हते. त्या कानांनी सांगितले.

अक्काने कप आप्पांपुढे ठेवला. म्हणाली, "हो. असंच म्हणाले होते." मग त्या गृहस्थाकडे वळून, "तुम्हीही म्हणा तिला. आज घरी गेल्या गेल्या म्हणा. ती ओळखून घेईल असं धरून चालू नका. तोंडानं म्हणावं लागतं ते." तो माणूस चहा संपवून हुपरीच्या गाडीला निघून गेला. आप्पा कितीतरी वेळ मान वर न करता बसून राहिले, आणि अक्का वह्या तपासायला आत निघून गेली. मला वाटले, आता तरी ते तिला हाक मारतील. त्यांनी मारली नाही. लाज माणसाला चांगले वागायला लावते हे मी माझ्या बापात पाहिले होते. ती माणसाचे तोंड कायमचे बंद करते हेही त्याच दुपारी पाहिले.

पुढच्या आठवड्यात तो हुपरीचा गृहस्थ पुन्हा आला. आप्पा झोपले होते, अक्का शाळेत. त्याने आत यायला नकार दिला, उंबऱ्याबाहेरच उभा राहून, चेहरा उजळून म्हणाला, "मास्तरास्नी सांगा, तसंच म्हनालो पोरीला. शब्दाला शब्द. लई रडली. आता ऱ्हाती म्हनती."

संध्याकाळी अक्का आल्यावर मी तिला हे सांगितले. ती पायांवर पाणी घेऊन पाटावर बसली होती. पदराने तोंड पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "काय म्हणाला तो तिला? नीट सांग." मी तिच्यासमोर बसले आणि सांगितले. "हे घर तुझं आहे. कुणी न्यायला आलं, तर मी दारात उभा आहे." ती म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा म्हणू लागले आणि अर्ध्यावर थांबले, कारण तेव्हा मला उमगले की इतक्या वर्षांत हे शब्द तिला समोर बसून कुणी म्हटलेच नव्हते, आप्पांनी नाही, आईने नाही, मीही नाही. आणि आत्ताही मी ते म्हणत होते ते हुपरीच्या एका माणसाचे म्हणून.